ग्लुकोजचं पाणी आणि दोन तास

गेल्या आषाढात धाकट्या भावाला घेऊन मी लॅबमध्ये गेलो होतो. त्याने उपाशीपोटी रक्त दिलं आणि मग त्याच्या हातात एक ग्लास आला. पाण्यात विरघळवलेलं ७५ ग्रॅम ग्लुकोज. दुसऱ्याच घोटाला त्याने तोंड वाकडं केलं. "पाच मिनिटांत संपवा आणि दोन तास इथेच बसा. फिरायचं नाही, काही खायचं नाही," लॅबमधल्या ताईंनी बजावलं.

भाऊ बेचाळीस वर्षांचा. हातपाय काटकुळे, फक्त शर्टाची खालची दोन बटणं अलीकडे ताणली जातात. निघताना आई म्हणाली होती, "अरे, त्याला कसली शुगर? अंगावर मूठभर मांस नाही पोराच्या!" त्या वाक्यातच अर्धं निदान होतं, हे मला फार नंतर उमगलं.

उपाशीपोटीचा आकडा ९६ आला, म्हणजे ठीक. दोन तासांनंतरचा आला १६८. तो १४० च्या आत हवा. २०० च्या पुढे गेला की मधुमेह. भाऊ मधेच अडकला होता.

ही तपासणी नेमकं काय मोजते, हे समजून घेण्यासारखं आहे. आपल्या अंगातल्या सगळ्या रक्तात मिळून एका वेळी जेमतेम ५ ग्रॅम साखर असते, चहाचा एक चमचा. त्यात एकदम ७५ ग्रॅम येऊन पडते, म्हणजे पंधरा चमचे. साखर वर चढणारच, निरोगी माणसाचीही चढते. शरीर तिला किती वेळात जागेवर आणतं, हा खरा प्रश्न. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९२६ साली या गुणाला 'होमिओस्टॅसिस' असं नाव दिलं, मराठीत समस्थिती. अंगाचं तापमान, रक्तदाब, साखर, अंगातलं पाणी, सगळं दिवसभर वर-खाली होत असतं आणि शरीर ते पुन्हा जागेवर आणत असतं. 'स्वस्थ' या शब्दाची फोडही 'स्व' आणि 'स्थ' अशी आहे, म्हणजे आपल्या जागी असलेला. वेलनेस, वेलनेस म्हणून आज पावडरींपासून रिसॉर्टपर्यंत काय काय विकलं जातं. मला तरी हा जुना शब्द जास्त नेमका वाटतो.

आता आईचं मूठभर मांस. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात. स्नायू म्हणजे आपली साखरेची कणगी. मोठ्या माणसाच्या स्नायूंत साधारण ४०० ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठते, यकृतात १०० ग्रॅमच्या आसपास. कणगीच लहान असेल, किंवा दिवसभर खुर्चीत बसल्यामुळे आधीच भरलेली असेल, तर नवी साखर जाणार कुठे? ती रक्तात रेंगाळते. स्वादुपिंड जास्त इन्सुलिन, म्हणजे साखर रक्तातून आत पोचवणारं संप्रेरक, सोडत राहतं आणि उरलेल्याची चरबी होऊन पोटात, यकृतात साठते. म्हणून माणूस बारीक दिसतो आणि आतून लठ्ठ असतो.

हे पुण्यातल्या डॉक्टरांनी जगाला दाखवून दिलं, याचा मला मनापासून अभिमान आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, तंतोतंत सारखा होता, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. वजनकाट्यावर सारखी दिसणारी दोन माणसं आतून किती वेगळी असतात, ते एका फोटोत कळलं.

याची मुळं आईच्या पोटापर्यंत जातात. याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो होतं, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपल्या बाळांच्या स्नायूंत आणि अवयवांत घट मोठी होती, चरबीत मात्र त्या मानाने फार कमी. बऱ्याच आयांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. गरोदरपणात हिरव्या पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा खाणाऱ्या आयांची बाळं अंगाने भरलेली होती. शेतात दिवसभर राबणाऱ्या त्या बायकांच्या ताटात वाटीभर भाजी जास्त पडली असती तर, हा विचार मनातून जात नाही.

जन्म बदलता येत नाही, कणगी मात्र चाळिशीतही वाढवता येते आणि रिकामीही करता येते. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघता साखर आत ओढतो. म्हणून जेवणानंतरची शतपावली ही नुसती जुनी सवय नाही. साखर चढत असते त्याच वेळी पायांचे मोठे स्नायू तिला उचलायला लागतात. कणगी वाढवायला मात्र वजन उचलणं, उठाबशा, जिने चढणं हवं आणि ताटात डाळ-उसळ, अंडं किंवा मासळी हवी. आपल्याकडे आमटी पातळ आणि भाताचा डोंगर असतो, तिथे खरी दुरुस्ती आहे.

झोपेकडे तर कुणी बघतच नाही. शिकागो विद्यापीठात १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ११ धडधाकट तरुणांना सलग सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. तेवढ्यानेच त्यांची साखर जागेवर आणण्याची क्षमता स्पष्टपणे घसरली. माझा भाऊ रात्री एकपर्यंत परदेशी क्लायंटच्या कॉलवर असतो आणि सकाळी सहाला मुलीची शाळेची बस असते.

घरी आल्यावर आईच्या शिवणाच्या डब्यातली टेप काढून त्याची कंबर मोजली. श्वास सोडून, पोट आत न ओढता. ९४ सेंटिमीटर. भारतीय पुरुषांसाठी ९० आणि बायकांसाठी ८० ही धोक्याची रेघ मानतात. पट्ट्याचं भोक बघून हे कळत नाही, कारण पँट पोटाच्या खाली बसते.

आठवड्यातले तीन कॉल त्याने संध्याकाळवर ओढून घेतले. रात्रीच्या जेवणानंतर तो आईबरोबर सोसायटीच्या आवारात पंधरा मिनिटं चालतो. आई गेली चाळीस वर्षं एकटीच शतपावली घालत होती. आता तिला सोबत मिळाली आहे आणि चालताना ती त्याला सगळ्या नातेवाइकांची खबरबात देते. आईच्या जुन्या पाट्यावरचा वरवंटा उचलून तो सकाळी व्यायाम करतो.

दिवाळीनंतर पुन्हा ते गोड पाणी प्यायला. कंबर ९१, दोन तासांनंतरचा आकडा १४६. पुढची तपासणी होळीनंतर आहे.