स्क्रॅम्बल की बेस्ट बॉल? मित्रांच्या वार्षिक गोल्फआधी एवढं ठरवून घ्या

आमचा बारा जणांचा कंपू दर डिसेंबरात एकदा एकत्र गोल्फ खेळतो. तीन वर्षांपूर्वी ग्रुपवर निरोप गेला होता : "चौघाचौघांच्या टीम, बेस्टवाला फॉरमॅट." जेवणाआधी कार्डं जुळवायला बसलो, तर एका टीमचे ६४ फटके आणि दुसरीचे ७५ (गोल्फमध्ये कमी ते चांगले). बेरीज चुकली असेल म्हणून दोनदा तपासली. मग उलगडा झाला. एक टीम स्क्रॅम्बल खेळून आली होती, उरलेल्या दोन बेस्ट बॉल. बक्षीस तसंच राहिलं आणि दोन जिवलग मित्र परतीच्या गाडीत एकमेकांशी बोलले नाहीत. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

घोळ त्या 'बेस्ट' शब्दाचा आहे. दोन्ही प्रकारांत चौघांतलं सगळ्यांत चांगलं तेच धरतात. पण स्क्रॅम्बलमध्ये ही निवड प्रत्येक फटक्यानंतर होते, बेस्ट बॉलमध्ये होल, म्हणजे मैदानाचा एक टप्पा, संपल्यावर एकदाच.

स्क्रॅम्बलमध्ये टीवरून, म्हणजे होल जिथून सुरू होतो तिथून, चौघंही मारतात. ज्याचा चेंडू उत्तम जागी पडला तिथे बाकीचे तिघं आपापले चेंडू उचलून येतात आणि पुढचा फटका चौघंही तिथूनच मारतात. चेंडू आत जाईपर्यंत हेच. टीमचा आकडा एकच.

याची खरी गंमत ग्रीनवर, म्हणजे खड्ड्याभोवतीच्या बारीक गवतावर, कळते. दहा फुटांचा पट, म्हणजे चेंडू खड्ड्याकडे घरंगळवायचा फटका, आहे. पहिला मारतो, चेंडू डावीकडे वळून निसटतो. दुसरा थोडा उजवीकडे धरतो, जोर कमी पडतो. तिसऱ्याचा कडेला लागून बाहेर येतो. तोवर चौथ्याला वळण आणि वेग दोन्ही समजलेले असतात. म्हणून टीममधल्या सगळ्यांत भरवशाच्या माणसाला शेवटी ठेवावं आणि नवख्याला आधी मारू द्यावं. त्याचा चुकलेला पटही मागच्यांना वाट दाखवतो. एकट्याने खेळताना चुकलेला फटका कार्डावर बसतो, इथे तो पुसला जातो. त्यामुळे स्क्रॅम्बलचे आकडे इतके खाली येतात.

बेस्ट बॉलमध्ये प्रत्येकाचा चेंडू टीपासून होलपर्यंत त्याचा स्वतःचा. बंकरात, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, गेला तर तुम्हीच काढायचा. पार ४ च्या, म्हणजे चार फटके अपेक्षित असलेल्या, होलवर चौघांचे ५, ६, ४, ८ झाले तर टीमचे ४. आपला आकडा आता उपयोगी पडणार नाही हे कळलं की चेंडू उचलावा, मागच्यांचा खोळंबा होत नाही. टीम दोघांचीच असेल तर याच खेळाला फोरबॉल म्हणतात. युरोप विरुद्ध अमेरिका अशा रायडर कपमध्ये दिसतो तो हाच. तिथलाच फोरसम्स मात्र वेगळा : दोघांत एकच चेंडू, आळीपाळीने.

हँडिकॅपचं, म्हणजे खेळाडूला त्याच्या कुवतीनुसार मिळणाऱ्या फटक्यांच्या सुटीचं, गणितही वेगळं आहे आणि भांडणं बहुधा इथेच होतात. समजा चौघांचे हँडिकॅप ८, १४, २२ आणि ३२ आहेत. वर्ल्ड हँडिकॅप सिस्टीमच्या शिफारशीप्रमाणे चौघांच्या स्क्रॅम्बलला कमी हँडिकॅपवाल्यापासून अनुक्रमे २५, २०, १५ आणि १० टक्के घेतात. २ + २.८ + ३.३ + ३.२ म्हणजे ११.३, पूर्णांकात ११. हे ११ अख्ख्या टीमच्या बेरजेतून वजा होतात. बेस्ट बॉलला, चौघांतला एक आकडा धरायचा असेल तर, प्रत्येकाला स्वतःच्या हँडिकॅपचे ७५ टक्के मिळतात आणि ते त्याच्याच कार्डावर, होलच्या अवघडपणाच्या क्रमाने वाटले जातात. ३२ वाल्याचे होतात २४. म्हणजे अठराही होलवर एकेक फटका सूट आणि सगळ्यांत अवघड सहा होलवर दोन.

या गणिताने माझं एक मत बदललं. नवख्याला स्क्रॅम्बलच बरा, असं मी समजत होतो. गेल्या वर्षी आमच्यातला निवृत्तीनंतर स्टिक हातात घेतलेला मित्र अवघडपणात पाचव्या क्रमांकाच्या पार ४ वर पाच फटक्यांत आत गेला. दोनची सूट धरून निव्वळ ३. आमच्यातल्या सर्वोत्तम खेळाडूचे सूट धरून ४ होते. होल एकट्या त्याचा ठरला. ग्लोव्ह काढून त्याने कार्डावरचा तो ३ दोनदा पाहिला, मग पेन मागून स्वतःच्या हाताने गोल केला. स्क्रॅम्बलमध्ये तो प्रत्येक फटक्याला सामील असतो खरा, पण असा अख्खा होल त्याच्या नावावर होत नाही.

तरीही ज्या कंपूत निम्मे लोक वर्षातून एकदाच मैदानावर येतात आणि हँडिकॅपच नसतो, तिथे मी स्क्रॅम्बलच घेईन, मात्र टेक्सास पद्धतीचा. त्यात प्रत्येकाचे ठरावीक ड्राइव्ह, म्हणजे टीवरचे पहिले फटके, वापरावेच लागतात, त्यामुळे लांब मारणारा एकटाच दिवसभर टीम ओढत नाही. अठरा होलला प्रत्येकी तीन पुरतात.

यंदा आदल्या रात्री गेलेला निरोप असा : "उद्या बेस्ट बॉल. प्रत्येकाने आपलाच चेंडू शेवटपर्यंत खेळायचा. टीमचा एकच, सगळ्यांत कमी निव्वळ आकडा. हँडिकॅप ७५ टक्के. वाचल्याचं प्रत्येकाने कळवावं." रात्री दहापर्यंत अकरा जणांचं 'वाचलं' आलं. बाराव्याला मी फोन केला.