संवर्धित वास्तव : दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या प्रशिक्षणातील

छोट्या छेदाची शस्त्रक्रिया शिकणाऱ्याच्या हातात खरी उपकरणे देऊन, पडद्यावरच्या किंवा चष्म्यातून दिसणाऱ्या खऱ्या दृश्यावर संगणकाने काढलेल्या रेषा, बाण, अवयवांच्या आकृत्या चढवून कौशल्य शिकविण्याची पद्धत. संवर्धित वास्तवाला व्यवहारात ऑगमेंटेड रिॲलिटी किंवा नुसते एआर म्हणतात. आभासी वास्तवात सगळेच दृश्य संगणकाचे असते. येथे मूळ दृश्य खरे राहते, त्यावर एक थर वाढतो. संशोधक रोनाल्ड अझुमा यांनी १९९७ मध्ये त्याची तीन लक्षणे सांगितली : खरे आणि आभासी एकत्र दिसणे, प्रतिसाद त्याच क्षणी मिळणे आणि आभासी वस्तू त्रिमितीत खऱ्या जागेवर नेमकी बसणे. यांतले तिसरे सर्वांत अवघड, आणि पोटाच्या आत तर फारच.

अशा प्रशिक्षणाची गरज का पडते, हे दुर्बिणीतून टाका घालायला पहिल्यांदा बसलेल्या कोणालाही पाच मिनिटांत कळते. उपकरणे ५ ते १२ मिलिमीटरच्या छिद्रांतून आत जातात. छिद्र हाच टेकू होतो, त्यामुळे हात डावीकडे नेला की टोक उजवीकडे सरकते, हात वर उचलला की टोक खाली जाते. दृश्य सपाट पडद्यावर असल्याने खोलीचा अंदाज येत नाही. सुई धरायला गेलेला चिमटा सुईच्या अलीकडेच हवेत मिटतो, दुसऱ्यांदा तिला ढकलून पलीकडे जातो, तिसऱ्यांदा धरतो पण सुई तिरकी येते. लांब दांड्यामुळे आणि छिद्रातल्या घर्षणामुळे हाताला पेशीजालाचा ताण अर्धवटच जाणवतो. उघड्या पोटावर काही सेकंदांत बसणारी गाठ येथे नवख्याला घाम फोडते.

जर्मनीत कुर्ट सेम यांनी १९८० मध्ये दुर्बिणीतून आंत्रपुच्छ (अपेंडिक्स) काढले. एरिक म्यूहे यांनी १२ सप्टेंबर १९८५ रोजी त्याच मार्गाने पित्ताशय काढले. पुढच्या दशकात ही पद्धत झपाट्याने पसरली. शिकविण्याची व्यवस्था मात्र मागे राहिली, आणि मुख्य पित्तनलिकेला इजा होण्याचे प्रकार वाढले. मग शस्त्रक्रियागृहाबाहेर सराव करून घेणे अटळ झाले. पहिले साधन साधे होते : कॅमेरा लावलेली बंद पेटी, अर्थात बॉक्स ट्रेनर. रबरी तुकडे एका हातातून दुसऱ्या हातात देत खुंट्यांवर बसवणे, आखलेल्या वर्तुळावरून जाळीचे कापड कापणे, गाठ मारणे असे सराव त्यात होतात. याच धर्तीवरच्या एफएलएस (फंडामेंटल्स ऑफ लॅपरोस्कोपिक सर्जरी) या अमेरिकी अभ्यासक्रमात अशी पाच कामे आहेत. २००९–१० पासून तेथील शल्यचिकित्सा मंडळाच्या पात्रतेसाठी तो सक्तीचा झाला.

आभासी वास्तवाचे सिम्युलेटर, म्हणजे संगणकी दृश्यात शस्त्रक्रियेचा सराव देणारी यंत्रे, दरम्यान आलेच होते. येल विद्यापीठात १६ निवासी डॉक्टरांवर झालेला, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग अजूनही सांगितला जातो. सिम्युलेटरवर तयार झालेल्यांनी प्रत्यक्ष रुग्णाच्या पित्ताशयाचे विच्छेदन २९ टक्के कमी वेळात केले आणि त्यांच्या चुकाही कमी झाल्या. उणीव राहिली ती स्पर्शाची. संगणकातल्या दोऱ्याला ताण नसतो. तो यंत्राने निर्माण करावा लागतो, तो महाग असतो आणि बहुधा खोटा वाटतो.

संवर्धित वास्तवाचे मोल नेमके येथे आहे. पेटीतला दोरा खरा, ताण खरा, तुटला तर तोही खराच. त्यावर संगणक फक्त बोलतो. प्रोमिस नावाच्या आयरिश सिम्युलेटरमध्ये पुतळ्याच्या पोटात बसवलेले कॅमेरे उपकरणांच्या टोकांचा माग काढत. टोकाने किती अंतर कापले, हालचाल किती सलग होती, किती वेळ लागला हे आकड्यांत मिळे, आणि त्याच पडद्यावर आभासी दृश्यही चढवता येई. ‘हात अजून जड आहे’ एवढाच शेरा मारणाऱ्या गुरूपेक्षा हे आकडे विद्यार्थ्याला जास्त उपयोगी पडतात, निदान सुरुवातीला.

दुसरा उपयोग शरीररचना दाखविण्याचा. पित्ताशय काढताना नळी कापण्यापूर्वी तीन गोष्टी दिसाव्यात, असा शल्यविशारद स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी १९९५ मध्ये मांडलेला दंडक आहे : पित्ताशयाची नळी, यकृताची नळी आणि यकृताची कड यांमधल्या त्रिकोणातली चरबी व तंतू साफ झालेले, पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सुटलेला आणि पित्ताशयात शिरणाऱ्या दोन, फक्त दोनच, रचना. चित्रफितीवर हा त्रिकोण रंगवून दाखवला की विद्यार्थ्याला कुठे पाहायचे ते कळते. तिसरा उपयोग दूरचा : लांब बसलेला तज्ज्ञ विद्यार्थ्याच्या पडद्यावर रेघ ओढतो किंवा आपल्या हातांची प्रतिमा त्याच्या दृश्यात उमटवतो. ‘थोडे वर, नाही, आणखी वर’ ही तोंडी कसरत त्याने बरीच वाचते.

अडचणीही खऱ्या आहेत. शस्त्रक्रियेआधीच्या सीटी स्कॅनवरून बनवलेली यकृताची आकृती थेट दृश्यावर जुळवायची तर पोटात कार्बन डायऑक्साइड भरल्यावर यकृत सरकलेले, दबलेले असते, श्वासागणिक हलतही असते. टणक प्रतिकृतीवर सुबक बसणारा थर तेथे घसरतो. होलोलेन्ससारख्या एआर चष्म्यात प्रतिमेचा केंद्रबिंदू सुमारे २ मीटरवर असतो, तर हात त्याहून बरेच जवळ काम करतात. डोळ्यांना दोन अंतरांशी झगडावे लागते. याहून गंभीर बाब २०१३ च्या एका प्रयोगात दिसली. नाकातील दुर्बिणीच्या कामात रंगीत मार्गदर्शन मिळालेल्या शल्यविशारदांचे लक्ष्य अधिक अचूक साधले, पण समोर आलेली अनपेक्षित वस्तू त्यांच्या नजरेतून जास्त वेळा निसटली. रेघ दाखवते तिथेच डोळा जातो.

शिकण्याच्या शास्त्रात हे जुनेच दुखणे आहे : सतत सूचना मिळाली की कामगिरी सुधारते, पण सूचना काढताच ढासळते. म्हणून थर कसा चढवायचा याइतकाच तो कधी उतरवायचा हा प्रश्न प्रशिक्षकापुढे असतो. आधी पूर्ण रेघ, मग फक्त सुई घालण्याचा आणि बाहेर काढण्याचा ठिपका, मग चूक झाली तरच खूण, असा क्रम लावता येतो. शेवटच्या फेरीत पडद्यावर काहीच नसते. गुण त्या फेरीच्या गाठीला द्यावेत.