व्यायाम कोणाला, किती आणि केव्हा : सुरक्षित व्यायामाच्या नियमांची पार्श्वभूमी

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेहाच्या (ज्यात मधुमेहाचाही समावेश होतो अशा लघवीच्या विकाराच्या) निर्धन रुग्णासाठी एक विलक्षण उपचार सांगितलेला आहे. त्याने पायांत जोडे न घालता, डोक्यावर छत्री न धरता, भिक्षेवर निर्वाह करीत आणि एका गावी एकच रात्र मुक्काम करीत शंभर योजने (योजन हे अंतराचे प्राचीन माप) किंवा त्याहूनही अधिक चालावे, असे तेथे म्हटले आहे. विहीर खणण्याचाही उल्लेख आहे. मधुमेहात व्यायामाचे महत्त्व किती प्राचीन आहे हे दाखवण्यासाठी हा उतारा अनेकदा दिला जातो. त्याच प्रकरणातला भेद मात्र सहसा मागे राहतो. जन्मजात प्रमेहाचा रुग्ण कृश असतो आणि अपथ्यामुळे झालेल्या प्रमेहाचा रुग्ण बहुधा स्थूल असतो, असे सांगून सुश्रुताने श्रम आणि लंघन स्थूलासाठी ठेवले आहे आणि कृश रुग्णाचे सतत रक्षण करावे असे बजावले आहे. सुरक्षित व्यायामाचा पुढचा सारा इतिहास याच भेदाभोवती फिरतो, असे मला वाटते. व्यायाम हितकारक आहे, यावर वैद्यकात फार मोठा वाद कधीच नव्हता. तो कोणाला, कोणत्या अवस्थेत आणि किती द्यावा, हे ठरवण्यात मात्र दीर्घ काळ गेला.

युरोपात एकोणिसाव्या शतकात अपोलिनेर बुशार्दा या फ्रेंच वैद्याने मधुमेहींना आहार-नियंत्रणाबरोबर कष्टाचे काम करायला लावले. १८७०-७१ मध्ये पॅरिसला वेढा पडला असता, अन्नाच्या टंचाईमुळे काही रुग्णांच्या लघवीतील साखर नाहीशी झाल्याचे त्याने नोंदवले. काम करणारा स्नायू रक्तातील साखर अधिक प्रमाणात वापरतो, हे शोव्हो आणि कॉफमन यांनी १८८७ मध्ये चारा चघळणाऱ्या घोड्याच्या जबड्याच्या स्नायूवर मोजून दाखवले. १९२१ मध्ये टोरांटोत इन्सुलिनचा शोध लागला आणि या जुन्या उपचाराला एकाएकी धोक्याची बाजू प्राप्त झाली. लंडनचे डॉ. आर. डी. लॉरेन्स स्वतः मधुमेही होते आणि इन्सुलिनवरच जगत होते. इन्सुलिन टोचल्यानंतर व्यायाम केला, तर त्याच मात्रेने साखर कितीतरी अधिक खाली येते, हे त्यांनी १९२६ मध्ये प्रसिद्ध केले. व्यायामाआधी मात्रा कमी करावी किंवा काही खावे, या सल्ल्याचा उगम त्या निरीक्षणात आहे. अमेरिकेत मधुमेहतज्ज्ञ इलियट जॉस्लिन यांनी आहार, इन्सुलिन आणि व्यायाम यांना एकाच रथाचे तीन घोडे म्हटले.

तरीही एक गोष्ट दीर्घ काळ कोड्यात टाकणारी राहिली. काही रुग्णांची साखर व्यायामाने उतरण्याऐवजी चढत असे. १९७७ मध्ये जर्मनीत मायकेल बर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, शरीरात इन्सुलिनची मोठी कमतरता असून कीटोन (चरबीच्या विघटनातून तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ) वाढलेले असतील, तर व्यायामाने साखर आणि कीटोन दोन्ही आणखी वाढतात. श्रमाच्या वेळी यकृत रक्तात साखर सोडते. इन्सुलिन पुरेसे असेल तर ते यकृताला आवर घालते, ते नसेल तर यकृत साखर सोडतच राहते आणि चरबीच्या विघटनातून कीटोन तयार होत राहतात. साखर २५० मि.ग्रॅ. प्रति डेसिलिटरहून अधिक असून कीटोनही आढळले, तर त्या वेळी व्यायाम करू नये, ही इन्सुलिनवर असलेल्यांना दिली जाणारी सूचना या यंत्रणेतूनच आली आहे. व्यायाम संपल्यावर कित्येक तासांनी, बहुधा रात्री झोपेत, साखर घसरते, हे १९८० च्या दशकात नीट नोंदले गेले. रिकामे झालेले स्नायू आपला साखरेचा साठा पुन्हा भरत असतात, हे त्यामागचे कारण आहे. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनच्या निरोपाची वाट न पाहताही साखर आत घेतो आणि ग्लुट-४ नावाचे वाहक प्रथिन त्यासाठी पेशीच्या पृष्ठभागावर येते, हे त्यानंतरच्या संशोधनाने स्पष्ट केले. इन्सुलिनला दाद न देणाऱ्या शरीरालाही चालण्याचा उपयोग का होतो, याचे उत्तर त्यात सापडले.

मधुमेहाच्या बाबतीत सावधगिरी वाढत गेली, तर हृदयविकाराच्या बाबतीत ती कमी करावी लागली. झटका आलेल्या रुग्णाला विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सहा-सहा आठवडे अंथरुणावर पडून राहायला सांगत असत. सॅम्युएल लिव्हाइन आणि बर्नार्ड लाऊन यांनी १९५२ मध्ये अशा रुग्णांना खुर्चीत बसवण्याचा उपचार मांडला, तेव्हा तो धाडसाचा वाटला. त्यानंतर १९६६ मध्ये डॅलस येथे पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवण्यात आले. त्याच पाच जणांची तीस वर्षांनी पुन्हा तपासणी झाली, तेव्हा आढळले की तीन आठवड्यांच्या विश्रांतीने त्यांची श्रमक्षमता जितकी घटली होती, तितकी तीस वर्षांच्या वयोमानाने घटली नव्हती. सक्तीची विश्रांती हीच एक हानी आहे, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारा दुसरा प्रयोग मला ठाऊक नाही. हृदयाची शक्ती क्षीण झालेल्यांना तर व्यायाम निषिद्धच मानला जात असे. त्यांच्याही बाबतीत, देखरेखीखाली दिलेला व्यायाम सुरक्षित असल्याचे २,३३१ रुग्णांच्या मोठ्या चाचणीने २००९ मध्ये दाखवले.

याच काळात व्यायामाची मात्राही ठरत गेली. चीनमधील दाछिंग शहरात १९८६ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५७७ जणांचा सहभाग होता. काहीच विशेष सल्ला न मिळालेल्या गटातील ६७.७ टक्के लोकांना सहा वर्षांत मधुमेह झाला, तर व्यायामाच्या गटात हे प्रमाण ४१.१ टक्के होते. अमेरिकेतील ३,२३४ जणांच्या अभ्यासात आठवड्याला १५० मिनिटे शारीरिक हालचाल आणि सात टक्के वजनघट हे उद्दिष्ट ठेवले होते. २००२ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार त्याने मधुमेहाचा धोका ५८ टक्क्यांनी कमी झाला, मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या औषधाने तो ३१ टक्क्यांनी कमी झाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये उच्च रक्तदाब किंवा दुसऱ्या प्रकारचा मधुमेह असलेले, कर्करोगातून बरे झालेले आणि एचआयव्हीबाधित प्रौढ यांच्यासाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची शिफारस केली. ‘मध्यम’ म्हणजे किती, हे नाडीवरून ठरवण्याची प्रथा होती. पण बीटा-ब्लॉकर (हृदयाची गती मंदावणारी औषधे) घेणाऱ्यांची नाडी श्रमानेही फारशी वाढत नाही. त्यामुळे स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी तयार केलेली ६ ते २० अंकांची श्रममापन पट्टी, किंवा चालताना बोलता यावे पण गाता येऊ नये ही साधी कसोटी, अशा रुग्णांना अधिक उपयोगी पडते.

मधुमेहाने बाधित झालेले डोळे आणि पाय यांच्या बाबतीतले नियम वेगवेगळ्या दिशांनी गेले. दृष्टिपटलावर नाजूक नव्या रक्तवाहिन्या वाढलेल्या असतील, तर श्वास रोखून जड वजन उचलल्याने रक्तस्राव होण्याची भीती असते, म्हणून ती मनाई आजही कायम आहे. पायांची संवेदना गेलेल्यांना मात्र पूर्वी चालण्याऐवजी पोहणे किंवा सायकल सुचवली जात असे, कारण बधिर पायाला झालेली जखम कळत नाही आणि ती चिघळते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, योग्य पादत्राणे घालून आणि पायांची नीट निगा राखून चालणाऱ्या अशा रुग्णांमध्ये जखमांचे प्रमाण वाढलेले दिसले नाही, आणि २०१० च्या सुमारास अमेरिकेतील शिफारशी बदलल्या. आता पायाला उघडी जखम नसेल तर त्यांनाही चालायला सांगतात. फक्त अनवाणी कधीही चालू नये आणि दररोज दोन्ही तळवे व बोटांच्या बेचक्या तपासाव्यात, असे बजावले जाते.