अँटीव्हायरस उघडतच नाही? पीसीशी झटापट करण्याआधी हे वाचा

आमच्या पीसी दुरुस्तीच्या दुकानात येणारी एक तक्रार अशी असते: "अँटीव्हायरसवर डबल क्लिक केलं की क्षणभर गोल फिरतं आणि मग काहीच होत नाही." अँटीव्हायरस बिघडला असं समजून माणसं तो काढतात आणि पुन्हा टाकायला जातात, तर तोही बसत नाही. सेटअप उघडल्या उघडल्या मिटतो, नाहीतर 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने हे अ‍ॅप रोखलं आहे' असा मेसेज येतो. घरच्या पीसीचे अ‍ॅडमिनिस्ट्रेटर तुम्हीच, मग रोखलं कोणी?

चोर आधी कुत्र्याचं तोंड बांधतो, तसंच काही व्हायरस आत शिरल्याबरोबर राखणदाराचा बंदोबस्त करतात. विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे त्याच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, एक जागा अशी आहे की तिथे अँटीव्हायरसच्या फाइलचं नाव लिहून 'ही चालवायला सांगितली की दुसरंच काही चालव' अशी नोंद करता येते. म्हणूनच कधी कधी सेटअपचं नाव बदलून नुसतं 'फोटो' ठेवलं तरी तो मुकाट्याने सुरू होतो. काही व्हायरस अँटीव्हायरस कंपनीचं डिजिटल सर्टिफिकेटच, म्हणजे तिच्या खरेपणाचा दाखलाच, नको असलेल्यांच्या यादीत टाकतात. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या नावाने येणारा तो मेसेज बऱ्याचदा यामुळेच येतो.

तिसरी युक्ती तुम्हाला स्वतःला पाहता येईल. विंडोजच्या सिस्टिम ३२ फोल्डरात ड्रायव्हर्स, त्यात ईटीसी, आणि त्यात 'होस्ट्स' नावाची छोटी फाइल असते. ती नोटपॅडमध्ये उघडा. घरगुती पीसीवर तिच्यात सहसा हॅशच्या खुणेने सुरू होणाऱ्या ओळीच असतात. त्यांच्या खाली अँटीव्हायरस कंपन्यांच्या वेबसाइटची रांग दिसली आणि प्रत्येकीपुढे 127.0.0.1 लिहिलेलं असलं, तर समजून जा. हा आकडा म्हणजे तुमच्याच पीसीचा पत्ता. कंपनीची साइट मागितली की पीसी स्वतःचंच दार ठोठावतो. यूट्यूब चालतं, बाकी सगळं चालतं, फक्त अँटीव्हायरसच्या साइट उघडत नाहीत, हे लक्षण आम्ही फार गंभीर मानतो. फाइल स्वच्छ दिसली म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका. 2008 च्या नोव्हेंबरात आलेला कॉनफिकर नावाचा व्हायरस या फाइलला हात न लावता, मेमरीत बसूनच अशा साइट अडवायचा. तो ज्या भगदाडातून शिरत होता ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने महिनाभर आधीच दिलेलं होतं. ज्यांनी ते टाकलं नाही, त्यांना फटका बसला. पुढे तो पेन ड्राइव्हवरूनही पसरला.

दर वेळी व्हायरसच असतो असंही नाही. दुसरा अँटीव्हायरस टाकला की डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, आपणहून बाजूला होतो, ते योग्यच आहे. पण दुसरं काही टाकलेलं नसताना घरच्या पीसीवर 'ही सेटिंग तुमच्या संस्थेच्या ताब्यात आहे' असं दिसलं, तर तपासणी हवीच.

आमचं सगळ्यात महत्त्वाचं सांगणं एवढंच: बाधा झालेल्या विंडोजच्या आत बसून त्याच विंडोजची तपासणी करू नका. तिथे दिसणाऱ्या निकालावर भरवसा ठेवता येत नाही. एका ताईंच्या पीसीवर रोज स्कॅन व्हायचं आणि रोज 'धोका आढळला नाही' असंच यायचं. आम्ही पाहिलं तर स्कॅन काही सेकंदांत संपत होतं. डिफेंडरच्या 'एक्सक्लुजन'मध्ये, म्हणजे तपासणीतून वगळलेल्या जागांमध्ये, अख्खा सी ड्राइव्ह टाकलेला होता. मुलाने गेमचा क्रॅक, म्हणजे विकतचा गेम फुकटात चालवणारा प्रोग्राम, उतरवला होता. त्या झिपला पासवर्ड होता आणि सोबतच्या चिठ्ठीत 'आधी अँटीव्हायरस बंद करा' असं लिहिलं होतं. पोराने सांगितलं तसं केलं, बाकीचं काम क्रॅकने उरकलं. मुलांना रागावू नका, नाहीतर पुढच्या वेळी ती काय टाकलं ते सांगणारच नाहीत. आणि आम्हाला तर नेमकं तेच समजायला हवं असतं.

तर आधी वायफाय बंद करा किंवा नेटची वायर काढा. त्या पीसीवरून बँकेचं काहीही करू नका. ईमेल आणि बँकेचे पासवर्ड फोनवरून बदला. पैसे गेले असतील तर आमच्याकडे येण्याआधी 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा, तिथे एकेक मिनिट मोलाचं असतं. स्क्रीनवर 'या नंबरवर कॉल करा' असं झळकत असेल तर तो नंबर लावू नका.

विंडोज सिक्युरिटी उघडत असेल तर 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मध्ये 'स्कॅन ऑप्शन्स' आणि त्यात 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन' निवडा. उघडी कामं आधी सेव्ह करा, कारण पीसी रीस्टार्ट होतो आणि विंडोज पूर्ण सुरू होण्याआधी साधारण 15 मिनिटं तपासणी चालते. उघडतच नसेल तर दुसऱ्या, स्वच्छ पीसीवर रेस्क्यू पेन ड्राइव्ह बनवा. कॅस्परस्की आणि डॉ. वेब यांच्या अशा डिस्क मोफत मिळतात. अशा पेन ड्राइव्हवरून पीसी सुरू केला की तुमचं विंडोज झोपलेलंच राहतं, आणि झोपलेला व्हायरस कोणाचं तोंड बांधू शकत नाही. बिटलॉकर, म्हणजे ड्राइव्हला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की मात्र हाताशी ठेवा. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवरही मोफत टूल मिळतात.

सॅलिटी किंवा विरुट निघाला तर आम्ही सरळ फॉरमॅट सुचवतो. हे व्हायरस प्रोग्रामच्या फाइलींनाच चिकटतात, सॅलिटी तर सेफ मोडही, म्हणजे विंडोज मोजक्याच गोष्टींनिशी सुरू करायची सोयही, मोडून ठेवतो. एक फाइल सुटली तरी सगळं पुन्हा सुरू होतं. फोटो, कागदपत्रं, हिशेबाचा डेटा आधी काढून घेऊ, जुने सेटअप नाही. घरातले सगळे पेन ड्राइव्हही सोबत आणा, नाहीतर तोच व्हायरस संध्याकाळपर्यंत परत येईल.

साफसफाईनंतर 'टॅम्पर प्रोटेक्शन', म्हणजे डिफेंडरच्या सेटिंग्ज दुसऱ्या प्रोग्रामला बदलू न देणारी सोय, चालू आहे ना, ते आम्ही तुमच्यासमोर दाखवतो. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आहे, तेव्हा पीसी त्यावर असेल तर पुढचंही बोलून घेऊ.

येताना नुसता सीपीयू आणा, मॉनिटर-कीबोर्ड नको. लॅपटॉप असेल तर चार्जर घ्या. आलेल्या मेसेजचा फोटो फोनवर काढून ठेवा, आणि गेल्या दोन आठवड्यांत काय काय डाउनलोड केलं ते घरातल्या सगळ्यांना विचारून या.