चाल तीच, बाज वेगळा: कव्हर गाण्यांची पार्श्वभूमी

जुन्या संगीत नाटकाचं छापील पुस्तक उघडलं की पदाच्या डोक्यावर बारीक टायपात राग आणि ताल दिलेला असतो, आणि पुष्कळदा त्याच्या शेजारी ‘चाल’ असं लिहून दुसऱ्याच एखाद्या गाण्याचे पहिले दोन-तीन शब्द. हे पद कोणत्या आधीच्या गाण्यावर बसवलं आहे, याची ती उघड कबुली. १८८० साली पुण्यात ‘शाकुंतल’ उभं करताना अण्णासाहेब किर्लोस्करांनी साकी, दिंडी यांसारखे ओळखीचे छंद घेतले, कानडी चालीही घेतल्या. १९११ च्या ‘मानापमान’साठी गोविंदराव टेंब्यांनी उत्तरेकडच्या ठुमरी, दादरा, गझल, कजरीच्या चाली आणल्या आणि खाडिलकरांनी त्या चालींच्या मापात मराठी शब्द बसवले. पुढे १९१६ च्या ‘स्वयंवर’मध्ये भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या बंदिशींची पदं केली. मैफलीत अर्धा-पाऊण तास रंगणारी चीज रंगभूमीवर काही मिनिटांत मावली. मूळ बंदिश माहीत असलेल्या श्रोत्याला दुहेरी आनंद होता: ओळखीची जागा आली याचा, आणि ती ओळखीच्या वाटेने आली नाही याचाही.

हाच आनंद आज जगभर ‘कव्हर’ या नावाने ओळखला जातो. फरक एवढाच की नाट्यपदात चाल राहते आणि शब्द बदलतात. कव्हरमध्ये बहुधा दोन्ही राहतात आणि बाज बदलतो. या प्रकाराची वाढ मुख्यतः अमेरिकेत झाली, आणि तिची सुरुवात कोर्टात झाली.

१९०८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे पियानो रोलचा खटला आला. पियानो रोल म्हणजे भोकं पाडलेली कागदी गुंडाळी. ती यांत्रिक पियानोत घातली की पियानो आपोआप वाजे. न्यायालयाने ठरवलं की ही भोकं माणसाला डोळ्यांनी वाचता येत नाहीत, म्हणून ती गाण्याची ‘प्रत’ नव्हे, आणि रचनाकाराला पैसे देणं लागत नाही. पुढच्याच वर्षी कॉपीराइटचा कायदा बदलला. रचनाकाराला हक्क मिळाला. पण एखादी बडी कंपनी सगळी गाणी एकहाती विकत घेऊन बसेल, ही भीतीही होती. म्हणून असं ठरलं की गाणं एकदा रचनाकाराच्या संमतीने यंत्रावर आलं, की प्रत्येक प्रतीमागे २ सेंट भरून ते कोणालाही करता येईल. परवानगीची गरज उरली नाही. हा दर १९७७ अखेरपर्यंत २ सेंटच राहिला.

१९७६ च्या कायद्यात यापेक्षा मोलाची गोष्ट आली. कव्हर करणाऱ्याला आपल्या शैलीला साजेल असा बदल करण्याची मुभा शब्दांत लिहून दिली गेली. अट एवढीच की मूळ चाल आणि गाण्याचं मूळ स्वरूप बदलता कामा नये. जॅझवाल्याने लोकगीत घ्यावं, रॉकवाल्याने सोल घ्यावं, याला कायद्याचा आधार मिळाला. आमच्या मते कव्हर ऐकणाऱ्यालाही हीच कसोटी पुरते. चाल शाबूत आहे का? आणि चालीखेरीज काय काय बदललं?

‘कव्हर’ हा शब्द मात्र धंद्यातून आला, आणि आरंभी त्याला चांगला वास नव्हता. १९५० च्या दशकात कृष्णवर्णीय गायकाची रेकॉर्ड छोट्या कंपनीकडून गाजू लागली की मोठी कंपनी तेच गाणं गोऱ्या गायकाकडून घाईने करून घेई आणि आपला बाजार राखी. लिटल रिचर्डचं १९५५ चं ‘टुटी फ्रुटी’ पॅट बूनने लगेच गायलं आणि पॉपच्या यादीत बूनचं गाणं वर गेलं. दोन्ही लागोपाठ ऐका. बूनच्या गाण्यात ठेका सरळ झाला आहे, आवाजातली खरखर गेली आहे, शब्द सौम्य झाले आहेत. बाज बदलला, पण गाण्यातून काही काढून टाकण्यासाठी. गाण्यात नवं काही घालण्यासाठी बाज बदलण्याचा काळ १९६० च्या दशकात आला.

त्याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे बीटल्सचं ‘विथ अ लिटल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स’. १९६७ च्या मूळ गाण्यात रिंगो स्टार गातो. त्याच्या आवाजाची पट्टी लहान, म्हणून चाल मुद्दाम थोड्या स्वरांत ठेवलेली. चार मात्रांचा डुलता ठेका, मिनिटाला सुमारे ११० ठोके, पावणेतीन मिनिटांत गाणं संपतं. मधल्या भागात बाकीचे बीटल्स प्रश्न विचारतात आणि रिंगो उत्तर देतो.

जो कॉकरने १९६८ मध्ये ते घेतलं तेव्हा चार मात्रांचा ठेका मोडून सहा मात्रांवर आणला. आपल्याकडच्या माणसाने दादरा मोजावा: धा धी ना, धा ती ना. पण फार संथ, प्रत्येक आवर्तनात श्वास घेता येईल एवढा संथ. सुरुवात ऑर्गनने, मग जिमी पेजची गिटार, मग ड्रमचा मोठा भरणा. गाणं पाच मिनिटांचं झालं. खरी करामत प्रश्नोत्तरांत आहे. प्रश्न आता गॉस्पेल ढंगाने, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या भक्तिगीतांच्या ढंगाने, गाणाऱ्या स्त्रिया विचारतात, आणि कॉकर चर्चमधल्या उपदेशकासारखा उत्तर देता देता ओरडण्यापर्यंत जातो. बुवा आणि टाळकरी यांचं नातं ज्याने कीर्तनात पाहिलं आहे त्याला हे लगेच कळेल. मूळ चाल चिंचोळी होती म्हणून हे शक्य झालं. स्वरांच्या आजूबाजूला हरकतींना जागा रिकामी होती. भरगच्च चालीवर हा प्रयोग चालला नसता.

दुसरं उदाहरण आमच्या दृष्टीने याहून मोठं आहे. ‘माय फेव्हरिट थिंग्ज’ हे १९५९ च्या ब्रॉडवेवरच्या संगीत नाटकातलं तीन मात्रांचं हलकंफुलकं गाणं. ऑक्टोबर १९६० मध्ये जॅझवादक जॉन कोल्ट्रेनने ते सोप्रानो सॅक्सोफोनवर वाजवलं, तेरा मिनिटं आणि वर एक्केचाळीस सेकंद. चाल ओळखू येते, पण खालची कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गुच्छांची, मालिका त्याने बाजूला ठेवली. मॅकॉय टायनर पियानोवर दोन कॉर्डचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत राहतो. एकल तबल्याला हार्मोनियमवर लेहरा धरतात, तसा. आधार पांढरी तीनचाच, म्हणजे पेटीवरच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीचा. त्यावर कधी मायनर (कोमल गंधाराचा), कधी मेजर (शुद्ध गंधाराचा). आधार हलत नाही म्हणून वरच्या सुरावटीला मोकळं रान मिळतं, एकाच षड्जावर राग फुलवावा तसं.

आणि एक बारकावा. मूळ गाण्यात दुःखाचा उल्लेख येतो आणि लगेच सुटका होते, तो शेवटचा भाग प्रत्येक वेळी ठरल्या जागी येतो. कोल्ट्रेन तो भाग जवळजवळ अखेरपर्यंत रोखून धरतो. बारा-एक मिनिटं वाट पाहिल्यावर ती ओळ आली की साधी चाल केवढी मोठी वाटते! पुढे १९६५ मध्ये त्याने मुलाचं नाव रविशंकरांवरून रवी ठेवलं. आपल्या संगीताकडे त्याचा किती ओढा होता, ते यातून दिसतं.

कधी कव्हर मूळ गाणाऱ्यालाच बदलतं. बॉब डिलनने ‘ऑल अलाँग द वॉचटॉवर’ १९६७ च्या अखेरीस गिटार, माउथ ऑर्गन आणि जेमतेम साथीवर दिलं. तीन कॉर्ड, तीन कडवी, ध्रुवपद नाही. जिमी हेंड्रिक्सने महिन्याभरात ते रेकॉर्ड करायला घेतलं. कॉर्डचा क्रम तोच ठेवला आणि कडव्यांमधल्या मोकळ्या जागेत गिटारचे वेगवेगळे आवाज मांडले: साधा, मग काचेसारखा घसरता, मग वा-वा पेडलचा, म्हणजे पायाने दाबून आवाजाला ‘वा-वा’ असा हेल देणारा. १९७४ च्या दौऱ्यापासून खुद्द डिलन ते गाणं हेंड्रिक्सच्या बाजाने वाजवू लागला. जॉनी कॅशचं २००२ मधलं ‘हर्ट’ही असंच ऐकावं. मूळ १९९४ च्या गाण्यात कर्कश यंत्रध्वनी होते; कॅशने मुख्यतः गिटार आणि पियानोवर भागवलं, एक शिवी बदलून ‘काट्यांचा मुकुट’ केला, आणि सत्तरीतल्या थरथरत्या आवाजाने शब्दांचं वय वाढवलं.

फसलेली कव्हर याच्या कितीतरी पट आहेत, आणि ती ठरावीक ठिकाणी फसतात. केरव्यातलं गाणं दादऱ्यात नेताना आठ मात्रांच्या सहा होतात. सारख्या लांबीची दोन अक्षरं दोन आणि एक अशी विभागली जातात. मग ऱ्हस्व अक्षर लांबतं, दीर्घ आखडतं, आणि मराठी कानाला ते लगेच खटकतं. उपाय असा: समेवरचं अक्षर आधी पक्कं करायचं, मग बाकीची अक्षरं मागेपुढे सरकवायची, गरज पडली तर समेआधी उठाव घ्यायचा.

लय अर्ध्यावर आणली की लांब स्वर उघडे पडतात. तिथे हरकत, मींड किंवा वाद्याचं उत्तर नसेल तर गाणं नुसतं रेंगाळतं.

मेजरचं गाणं मायनर करताना गंधार, धैवत, निषाद कोमल करतात. पण पाचव्या सुरावरची कॉर्ड गाण्याला घरी आणते ती शुद्ध निषादाच्या जोरावर. साथीत शुद्ध आणि गळ्यात कोमल निषाद एकाच क्षणी आला की कचका बसतो. त्या जागेपुरता गळा शुद्धावर न्यावा किंवा कॉर्ड बदलावी.

पट्टीचंही तसंच. काळी एकमधलं पुरुषाचं गाणं स्त्रीच्या गळ्यासाठी बहुधा पांढरी पाच किंवा काळी चारकडे जातं, आणि मग मूळची गिटारची किंवा बासरीची ओळ वाद्याच्या कक्षेबाहेर पडते. ती तशीच ओढून नेण्यापेक्षा नव्याने लिहावी. सगळ्यात जास्त आढळणारा दोष मात्र गायकाचा असतो: वाद्यं बदलतात, ठेका बदलतो, पण श्वास मूळ गायकाच्याच जागी तुटतो. मग ते कॅराओके होतं.

भारतात कायद्याची चौकट अमेरिकेपेक्षा आवळलेली आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या तरतुदीचा आधार घेऊन १९८० च्या दशकात जुन्या गाण्यांच्या ‘व्हर्जन’ कॅसेट निघाल्या. तेव्हा मूळ रेकॉर्डनंतर दोन वर्षं थांबावं लागे. २०१२ च्या दुरुस्तीत कलम ३१-सी आलं. आता मूळ रेकॉर्ड ज्या वर्षी झाली ते वर्ष संपल्यावर पाच वर्षं थांबावं लागतं, दरवर्षी किमान ५०,००० प्रतींचं मानधन आगाऊ भरावं लागतं, वेष्टनावर ‘कव्हर’ असं लिहावं लागतं आणि मूळ गायकाचं नाव किंवा चित्र वापरता येत नाही. शिवाय शब्दांत वा संगीतात तांत्रिक गरजेपलीकडे बदल करायचा तर हक्कदाराची संमती हवी. म्हणजे बाज बदलण्याची जी मुभा अमेरिकेत कायद्यातच आहे, ती इथे मागून घ्यावी लागते. व्हिडिओसाठीची परवानगी तर दोन्हीकडे वेगळीच.

पण शब्द आणि चाल दोन्हींची मुदत संपलेली असेल तर ही अडचण उरत नाही. आपल्याकडे ती मुदत रचनाकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षांची. खाडिलकर १९४८ मध्ये गेले, टेंबे १९५५ मध्ये. त्यामुळे ‘मानापमान’मधले खाडिलकरांचे शब्द २००९ पासून आणि टेंब्यांच्या चाली २०१६ पासून सगळ्यांच्या आहेत. एखादी नंतरची रेकॉर्ड जशीच्या तशी उचलता येणार नाही, तिचे हक्क वेगळे. पण छापील पुस्तकातून पद घ्या, चाल बसवून घ्या, खाली सॅक्सोफोन आणि डबल बास धरा. कोणालाही विचारावं लागणार नाही.