चिपला तुमची ऑपरेटिंग सिस्टिम कळत नाही

आर्डुइनो म्हणजे आपला प्रोग्रॅम भरता येणारी चिप असलेला छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड. त्याचं सॉफ्टवेअर डाउनलोड करायला गेलं की विंडोज, मॅक आणि लिनक्स एवढेच पर्याय समोर येतात. माझ्या लॅपटॉपवर फ्रीबीएसडी आहे, म्हणजे युनिक्सच्याच घराण्यातली सिस्टिम, पण त्या यादीत तिचं नाव नाही, आणि असं दिसलं की पहिला विचार येतो की झालं, आता दुसरा कॉम्प्युटर शोधा. थांबा जरा. सपोर्ट नाही याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की बनवणाऱ्यांनी त्या सिस्टिमसाठी फाइल तयार करून तपासून दिलेली नाही, ते चालूच शकत नाही असा नसतो.

आयडीई, म्हणजे आर्डुइनोचे प्रोग्रॅम लिहायचं हे सॉफ्टवेअर, खरं तर नुसती वरची खिडकी. आपण अपलोडचं बटण दाबतो तेव्हा आधी एव्हीआर-जीसीसी नावाचा कंपायलर (एव्हीआर हे ऊनोसारख्या आर्डुइनो बोर्डांवरच्या चिपचं घराणं) आपला प्रोग्रॅम चिपच्या भाषेत आणतो, याला क्रॉस कंपायलर म्हणतात कारण तो चालतो एका प्रोसेसरवर आणि कोड बनवतो भलत्याच प्रोसेसरसाठी, आणि मग एव्हीआरड्यूड नावाचा छोटा प्रोग्रॅम ती तयार फाइल यूएसबीवरून बोर्डात उतरवतो. दोन्ही ओपन सोर्स आहेत, आयडीईशिवाय सुटे चालतात. आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट ही की एव्हीआरड्यूड मुळात ब्रायन डीन यांनी फ्रीबीएसडीसाठीच लिहिलं होतं, तेव्हा त्याचं नाव एव्हीआरप्रॉग होतं, बाकीच्या सिस्टिमवरच्या लोकांनाही ते हवंसं झालं म्हणून पुढे ते सगळ्यांसाठी खुलं केलं. म्हणजे ज्या सिस्टिमचं नाव यादीत नाही, तिथेच या कामाचा अर्धा भाग जन्मलाय!

आता बोर्ड आणि कॉम्प्युटर यांच्यात नक्की काय बोलणं होतं ते जवळून बघू. ऊनो आर३ या आर्डुइनो बोर्डावर एटीमेगा३२८पी ही चिप असते, ३२ केबी फ्लॅश, म्हणजे प्रोग्रॅम साठवायची जागा, आणि फक्त २ केबी रॅम. फ्लॅशच्या शेवटच्या ५१२ बाइटमध्ये ऑप्टिबूट नावाचा बूटलोडर, म्हणजे नवा प्रोग्रॅम आत घेणारा छोटा प्रोग्रॅम, बसलेला असतो, म्हणून तर आयडीई आपल्याला कमाल जागा ३२,२५६ बाइट दाखवतं. एव्हीआरड्यूडने सिरियल पोर्ट, म्हणजे बोर्डाशी बोलायचा मार्ग, उघडला की डीटीआर नावाची एक लाइन खाली जाते, तो झटका १०० नॅनोफॅरडच्या कपॅसिटरमधून रीसेट पिनपर्यंत पोचतो, चिप रीसेट होते आणि बूटलोडर जेमतेम एक सेकंद कान देऊन बसतो. तेवढ्यात कॉम्प्युटरने हेक्समधले (सोळाच्या पद्धतीतले) ३० आणि २० असे दोन बाइट पाठवायचे, चिपने १४ आणि १० असं उत्तर द्यायचं, झाली ओळख. पुढे प्रोग्रॅम १२८ बाइटच्या एकेका पानाने जातो, एलईडी लुकलुकवायचा साधा प्रोग्रॅम साधारण ९०० बाइटचा होतो, म्हणजे आठ पानांत काम संपलं. या सगळ्यात विंडोज की लिनक्स हा प्रश्न कुठे आला? चिपला फक्त बाइट आणि त्यांची वेळ कळते.

मग अडतं कुठे? एक तर आयडीईच्या दुसऱ्या आवृत्तीत, ती २०२२ मध्ये आली आणि इलेक्ट्रॉन या वेब तंत्रावर ॲप बनवायच्या चौकटीवर बांधलेली आहे, त्यामुळे प्रत्येक सिस्टिमसाठी वेगळी बिल्ड, म्हणजे वेगळी तयार फाइल, लागते. पहिली आवृत्ती जावात होती, ती दुसरीकडे नेणं बरंच सोपं. शिवाय बोर्ड इन्स्टॉल करताना आयडीई इंटरनेटवरून तयार कंपायलर आणते, आणि कुठल्या सिस्टिमला कुठली फाइल द्यायची याची यादी तिच्याकडे असते, त्यात आपली सिस्टिम नसली की गाडी तिथेच थांबते. फ्रीबीएसडीत लिनक्सचे प्रोग्रॅम चालवायची सोय आहे, लिनक्सचा प्रोग्रॅम कर्नलकडे, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याकडे, जे मागतो ते कर्नलच्या आतच फ्रीबीएसडीच्या मागणीत बदललं जातं, प्रोसेसरची नक्कल करावी लागत नाही म्हणून वेगही कमी होत नाही. वाइन हे सॉफ्टवेअर विंडोजच्या प्रोग्रॅमसाठी साधारण असंच काम करतं, पण कर्नलच्या बाहेर राहून, त्यामुळे विंडोजच्या कर्नलमधला ड्रायव्हर लागणारा डीबगर (चुका शोधायचं साधन) असेल तर तिथे वाइनचं सहसा काही चालत नाही.

माझं स्वतःचं मात्र या मोठ्या गोष्टीत अडलं नाही. कंपाइल मस्त झालं, अपलोडला परमिशन डिनाइड. सिरियल पोर्ट उघडायला फ्रीबीएसडीत डायलर या ग्रुपमध्ये असावं लागतं, लिनक्सच्या बऱ्याच डिस्ट्रोंत डायलआउट, आणि ग्रुपमध्ये नाव घातल्यावर लॉगआउट करून परत लॉगिन करावं लागतं, ते न केल्याने अख्खी संध्याकाळ गेली. पोर्टचं नावही वेगळं, लिनक्सवर टीटीवाययूएसबी० किंवा टीटीवायएसीएम० असतं ते इथे सीयूएयू० होतं, आणि सॉफ्टवेअर लिनक्सचं असेल तर ते जुन्याच नावाने शोधत बसतं. यूएसबीसाठी सीएच३४० चिप असलेला स्वस्त बोर्ड असेल तर यूसीएचकॉम हा ड्रायव्हर लोड झालाय का तेही बघा.

व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आपल्याच कॉम्प्युटरच्या आत दुसरी सिस्टिम चालवणं, हा उपाय मी शेवटचा धरतो. ऊनो आर३वर यूएसबीसाठी वेगळी चिप आहे म्हणून रीसेटनंतरही जोडणी टिकते, पण लिओनार्डोसारख्या बोर्डात यूएसबी मुख्य चिपमध्येच असतं, रीसेट झालं की बोर्ड यूएसबीवरून गायब होतो आणि बूटलोडर म्हणून वेगळी ओळख घेऊन परत येतो, जेमतेम आठ सेकंदांसाठी, आणि व्हर्च्युअल मशीनला तो नवा पाहुणा जोडून देईपर्यंत वेळ निघून जाते.

तेव्हा ऊनो आर३ असेल तर आयडीई बाजूला ठेवून आधी नुसतं एव्हीआरड्यूड इन्स्टॉल करा, चिपचं नाव, प्रोग्रॅमरचा प्रकार आर्डुइनो, पोर्ट आणि वेग ११५२०० एवढं द्या आणि चिपवर काहीही न लिहिता तिची सही, म्हणजे ओळखीचा आकडा, मागा. एटीमेगा३२८पीची सही १ई ९५ ०एफ अशी तीन बाइटची असते. ती स्क्रीनवर आली म्हणजे केबल, ड्रायव्हर, परमिशन आणि बूटलोडर सगळं जागेवर आहे, आता फक्त कंपायलर लावायचा राहिलाय.