तळणीचं वापरलेलं तेल कोणाला द्यायचं? हॉटेलचालकांसाठी नियम, नोंदी आणि कागदपत्रं

हॉटेलातल्या खरकट्याची चर्चा होते, कढईतल्या काळपट तेलाची फारशी होत नाही. खरं तर त्याचीच काळजी जास्त घ्यायला हवी, कारण पडेल भावाने विकलेलं हे तेल गाळून पुन्हा कुणाच्या तरी तळणीत येऊ शकतं. हे थांबावं म्हणून एफएसएसएआयने, म्हणजे अन्न सुरक्षेचं काम पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेने, 2018 मध्ये 'रुको' योजना आणली. तिच्यात गोळा झालेलं तेल बायोडिझेल करण्यासाठी जातं.

नियम कोणाला लागू?

पहिला नियम सगळ्यांना, वडापावच्या गाडीलासुद्धा: टीपीसी म्हणजे टोटल पोलर कंपाउंड्स (तेल पुन्हापुन्हा तापवल्याने त्यात तयार होणारे अपायकारक घटक) यांचं प्रमाण 25 टक्क्यांच्या वर गेलेलं तेल वापरायचं नाही. ते मोजायचं मीटर मिळतं. मीटर नसेल, तर निळसर-राखाडी धूर आणि न मोडणारा घट्ट फेस दिसला की ते तेल बाजूला काढा, पुढचा घाणा त्यात घालू नका.

दुसरा नियम 1 मार्च 2019 पासून आहे. तळणीला रोज 50 लिटरपेक्षा जास्त तेल लागत असेल, तर नोंदी ठेवणं आणि वापरलेलं तेल अधिकृत संस्थेलाच देणं बंधनकारक आहे. 15 लिटरचे तीन डबे संपून रोज चौथा फुटत असेल, तर हिशेब काढून बघाच.

प्रक्रिया

तेल देण्यासाठी हॉटेलला वेगळा परवाना काढावा लागत नाही, त्यामुळे 'काढून देतो' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. एफएसएसएआयच्या संकेतस्थळावर तेल गोळा करणाऱ्या संस्थांची यादी असते. त्यातली आपल्या भागातली संस्था गाठा, दर आणि उचलीचा वार लेखी ठरवून घ्या.

नोंदवहीत तेलाचा प्रकार, तळणीला किती घेतलं, दिवसअखेर किती बाद केलं, ते कधी आणि कोणाला दिलं, एवढं लिहायचं. चालू कढईत मधेच ताजं तेल ओतलं जातं, तेही त्याच वेळी लिहायला आचाऱ्याला सांगा. बहुतेक वेळा आकडे तिथेच चुकतात.

बाद तेल थंड झाल्यावर गाळून झाकणाच्या पिंपात भरा, वर 'वापरलेले तेल, खाण्यासाठी नाही' असं ठळक लिहा आणि पिंप ताज्या डब्यांपासून लांब ठेवा. मोरीत किंवा ओल्या कचऱ्यात ओतू नका, गटार तुंबतं.

फाइलमध्ये काय असावं?

एफएसएसएआय परवान्याची प्रत, संस्थेच्या नावनोंदणी प्रमाणपत्राची प्रत, करार, नोंदवही आणि प्रत्येक उचलीची तारीख-वजनासह पावती. अन्न सुरक्षा अधिकारी तपासणीला आले, तर वही आणि पावत्यांचा मेळ बसायला हवा.

ज्यांचं तेल थोडंच निघतं, त्यांच्यासाठी गाडी पाठवणं संस्थेला परवडत नाही. अशा वेळी शेजारच्या चार-पाच हॉटेलांनी उचलीचा एकच दिवस ठरवावा, पावती मात्र प्रत्येकाने आपल्या नावाची घ्यावी.